मदत हवी आहे: गच्चीवरच्या माळव्याचा गट करायचाय, सुवार्तेचं बोलणं त्यात कसं यावं?

काळीमाती (जालना)

नमस्कार. आमच्या मंडळीतली (चर्चमधली) चार घरं मिळून कॉलनीत गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांचा गट सुरू करणार आहोत. शेजारी बहुतेक हिंदू, दोन घरं मुस्लिम. सध्या बोलणं "बरंय ना?" याच्या पुढे जात नाही. बागेमुळे येणं-जाणं वाढावं आणि पुढे प्रभू येशूविषयी मोकळेपणी बोलता यावं, अशी मनापासून इच्छा आहे. पण बाग हे आमिष आहे असं कुणाला वाटू नये.

अडचणी अशा: नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि बोअरचं पाणी जड (क्षारांचं) आहे. काळी माती पिशवीत दगडासारखी बसते. भेटीची सुरुवात प्रार्थनेने करावी का? आणि सुरुवात कधी करावी?

माळवं_लातूर

ताई, आधी मातीचं सांगतो. बाग जगली नाही तर माणसं तिसऱ्या आठवड्यात यायची बंद होतात.

नुसती काळी माती घेऊ नका. ओली झाली की चिकटते, सुकली की भेगाळते आणि मुळं तुटतात. दोन घमेली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे प्रमाण धरा. १२ बाय १२ इंचाच्या प्रत्येक पिशवीला मूठभर निंबोळी पेंड घाला. शेण कच्चं असलं तर वाळवी लागते आणि रोपाची मुळं भाजतात. खताला कुबट वास येत असेल तर ते अजून कुजलेलं नाही.

पाण्यासाठी मातीचं बोळकं गळ्यापर्यंत पिशवीत पुरा, भरा, वर पणती झाका. पाणी झिरपत राहतं. संक्रांतीची सुगडं चालतात, पण रंगवलेली नकोत. रंगाने छिद्रं बुजतात आणि पाणी आतच राहतं. शिवाय सुगड कुणासाठी पूजेतलं असतं, म्हणून शेजारणीला विचारल्याशिवाय घेऊ नका. कुंभाराकडून कोरी घेतलेली बरी. जड पाण्याने बोळक्यावर पांढरा थर धरतो, तो महिन्याने काथ्याने घासून काढा.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. मेथी २५ ते ३० दिवसांत काढायला येते, त्यामुळे पहिल्याच महिन्यात प्रत्येक घरात जुडी जाते. एप्रिलमध्ये सुरू केलं तर उन्हात रोपं करपतील. ओली पिशवी वीस-पंचवीस किलोची होते, तेव्हा ती भिंतीच्या कडेने, विटांवर ठेवा.

शेवगा_अंबाजोगाई

माझ्या मते प्रत्येक भेट बायबलमधलं एक वचन आणि प्रार्थनेने सुरू करावी. लपवाछपवी नको.

गोदाकाठ

शेवगादादा, लपवायचं नाही हे शंभर टक्के बरोबर. पण बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला प्रार्थना संपेपर्यंत उभं ठेवणं म्हणजे बियाण्याला अट लावणंच. पहिल्याच भेटीत सरळ सांगावं: आम्ही ख्रिस्ती आहोत, ही चार घरं एका मंडळीची आहेत, गट मात्र सगळ्यांचा आहे. मग बागेच्या वेळेत बागच. प्रार्थना आपल्या घरी, शेजाऱ्यांची नावं घेऊन, रोज.

संविधानाच्या कलम २५ ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं आहे. म्हणून रोप, खत, मुलांची शिकवणी यांतलं काहीही श्रद्धेला जोडू नका. रोपासोबत धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका. आईवडील नसताना मुलांशी या विषयावर बोलू नका.

बोलणं निघतं ते हाताला माती लागलेली असताना. समजा कुणी म्हणालं, "हे लिंबू दोन वर्षं फळत नाही, उपटून टाकू." तिथे बायबलमधल्या लूकच्या १३व्या अध्यायातला, न फळणाऱ्या अंजिराचा माळी आठवतो. तो मालकाला म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणतो, खत घालतो. चार वाक्यांत सांगा आणि थांबा. समोरच्याने पुढे विचारलं तर बोला, नाही तर लिंबाला खत घाला. "तुम्ही चर्चला का जाता?" असं कुणी विचारलं तर दोन-तीन मिनिटं, स्वतःपुरतं, त्यांच्या देवाधर्माशी तुलना न करता सांगा. घरात आजारपण कळलं तर आधी डबा न्या. मग विचारा, "प्रार्थना केली तर चालेल का?" नको म्हणाले तर डबा तरी पोचलाच.

आणि घेत चला. त्यांच्याकडून बी घ्या, अंबाडीची भाजी शिका, चहाला बसा. फक्त देणारा शेजारी जड वाटतो.

शेवगा_अंबाजोगाई

अट लागते हा मुद्दा पटला. पण मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नाताळ येतो, तेव्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलवाच. सण कशाचा आहे हे सांगायला त्याहून सरळ जागा नाही.

काळीमाती (जालना)

खूप आभार. एक राहिलं. पहिल्या लावणीला शेजारी नारळ फोडू म्हणाले तर?

गोदाकाठ

म्हणणारच, आणि प्रेमाने म्हणतील. चारही घरांनी आधीच बसून ठरवा. पूजेला एक घर हात लावतं, दुसरं पाठ फिरवतं, असं झालं की शेजारी गोंधळतात. "तुम्ही तुमच्या श्रद्धेने करा, आम्ही सोबत उभे राहू, पूजेत भाग घेणार नाही," हे आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी नको. प्रसादाबद्दल मंडळीत दोन मतं असतात, बायबलमधल्या १ करिंथच्या ८व्या आणि १०व्या अध्यायावर पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोलून घ्या. चहा-फराळ मात्र तुमच्या घरचा ठेवा.

माळवं_लातूर

आणि त्या दिवशी मेथीच लावा, पालक पुढच्या वेळी. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. बी रात्रभर भिजवून आणा, पाव किलो दहा-बारा पिशव्यांना पुरून उरतं.