चक्कर, घेरी, भोवळ, तोल: यातलं नेमकं काय होतंय?

प्रश्न

अंतःकर्णातल्या, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागातल्या, बिघाडामुळे ज्यांचा तोल कायम डळमळीत असतो, अशांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितो आहे. ‘बॅलन्स डिसऑर्डर’साठी ‘संतुलनविकार’ लिहिलं, तर वाचणाऱ्यांना तो मनाचा आजार वाटला. दुसरा शब्द आहे का? आणि ‘व्हर्टिगो’ला ‘चक्कर’ पुरेल, की भोवळ, घेरी, झीट यांत काही फरक करावा?

प्रतिसाद

हा आजार घेऊन मी बरीच वर्षं जगते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘संतुलन बिघडलं’ म्हटलं की ‘मानसिक’ हा शब्द न लिहिताही ऐकू येतो. ‘तोल सुटला’ म्हणजे रागाचा किंवा जिभेचा. ‘झोकांड्या खात चालला’, ‘भेलकांडला’ म्हटलं की ऐकणारा दारू गृहीत धरतो. आयुर्वेदात चक्करेला ‘भ्रम’ म्हणतात, पण आजच्या मराठीत भ्रम म्हणजे खोटी समजूत. शरीराच्या या तक्रारीसाठी शब्द शोधायला जावं, तर तो आधीच मनाच्या नाहीतर व्यसनाच्या खात्यात जमा झालेला असतो. बाहेरून काहीच दिसत नसलेल्या आजारात हे फार लागतं.

तरीही मी ‘तोल’च निवडेन. या शब्दाला जिवंत क्रियापदं आहेत: तोल जातो, ढळतो, सांभाळावा लागतो, सावरता येतो. माणूस दिवसभर नेमकं हेच करत असतो. ‘तोलविकार’ लिहा आणि शीर्षकात ‘कानातला’ जोडा. १८६१ साली प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी बहिरेपणासह येणाऱ्या चक्करेच्या झटक्यांचं मूळ अंतःकर्णात असल्याचं मांडलं. तोवर ते मेंदूचे झटके समजले जात. अवयवाचं नाव घेतलं की निम्मे गैरसमज मिटतात, असं मला मनापासून वाटतं.

आता चक्कर. ‘भोवळ’ ही ‘भोवणे’, म्हणजे गोल फिरणे, यातली. ‘भोवरा’ तिच्याच कुळातला. व्युत्पत्ती पाहिली तर हाच व्हर्टिगोचा शब्द. पण ‘भोवळ येऊन कोसळला’ वाचल्यावर आपल्याला शुद्ध हरपलेली दिसते. झीट तर त्याहून पुढची. अंतःकर्णाच्या आजारात माणूस सहसा पूर्ण शुद्धीवर असतो. खोली फिरते आहे हे त्याला लख्ख कळत असतं. म्हणून हे दोन्ही शब्द टाळा. घेरी अर्थाने जवळची आहे, पण हल्ली कमी ऐकू येते. सगळ्यांत नेमकं मला ‘गरगरतं’ वाटतं. ‘मळमळतं’सारखंच भावकर्तृक क्रियापद: कर्ताच नाही, करणारं कोणी नाही, आपोआप होतंय.

खरी अडचण मात्र ‘येते’ या शब्दाची आहे. चक्कर येते, म्हणजे ती जातेही. अंतःकर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून तिथल्याच अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, तेव्हा कूस बदलताच गरगरतं आणि बहुधा मिनिटभरात थांबतं. तिथे ‘येते’ चपखल बसतं. मेनिएरच्या झटक्यालाही चालतं, तो २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकतो. पण काहींना ३ महिने किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोजच अस्थिर वाटत राहतं. उभं राहिलं, गर्दीत शिरलं, नक्षीदार फरशीकडे पाहिलं की वाढतं. तिथे काही फिरत नसतं. ‘अधांतरी वाटतं’, ‘पाय ठरत नाही’, ‘आतून हेलकावे बसतात’ असं आम्ही म्हणतो. दोन्ही कानांची तोलयंत्रणा निकामी झालेल्यांना चालताना समोरची पाटी वाचता येत नाही, कारण डोकं हलताना नजर स्थिर ठेवण्याचं काम कान करत असतो. त्याला ‘दृश्य हिंदकळतं’ म्हणावं. याहून बरा शब्द मला सापडलेला नाही.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. फक्त एक भर: एकच रुग्ण आज ‘गरगरतं’ म्हणतो आणि उद्या त्याच त्रासाला ‘हलकं वाटतं’. म्हणून निदानासाठी शब्दापेक्षा वेळ आणि निमित्त जास्त उपयोगी पडतात: किती वेळ टिकतं, कशाने सुरू होतं, सोबत ऐकू कमी येतं का. आणि अचानक चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर शब्द शोधत बसू नये, तडक इस्पितळ गाठावं. हेही पत्रकात घाला.

प्रश्नकर्ता

शीर्षक ‘कानातला तोलविकार’ केलं. भोवळ आणि झीट काढून टाकली. ‘तुम्हाला चक्कर येते का?’ या जागी आता ‘गरगरतं का, अधांतरी वाटतं का, की दृश्य हिंदकळतं?’ आणि त्याखाली ‘किती वेळ? कशाने सुरू होतं?’ असं विचारलं आहे. तातडीची लक्षणं ठळक अक्षरांत पहिल्याच पानावर घेतली.