फाटकाबाहेरचं काय?

फाटकावर रखवालदार आणि जिन्याजिन्यावर सीसीटीव्ही असला की विद्यार्थिनींच्या सुरक्षेची कॉलेजची जबाबदारी संपली, असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. कॅमेरे हवेतच. पण आपल्याकडे गोव्यात हॉटेल मॅनेजमेंटची मुलं ट्रेनिंगला कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत रात्रपाळ्या करतात, तिथे कॉलेजचा कॅमेरा काय टिपणार?

या चर्चेत सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे लैंगिक छळाबाबतचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे नियम. त्यात 'कॅम्पस'ची व्याख्या बरीच ऐसपैस आहे: कॉलेजची बस, अभ्याससहल, शिबिर, क्रीडास्पर्धा आणि इंटर्नशिपची जागासुद्धा त्यात येते. माझ्या भाचीला ट्रेनिंगच्या हॉटेलातला सुपरवायझर मध्यरात्री नको ते मेसेज पाठवायचा. कॉलेजात सांगितलं तर उत्तर आलं, "तो हॉटेलचा मामला, गं बाय." नियमाची प्रिंट टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे अशा तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीने अर्ज घेतला. (तोवर समितीत कोण कोण आहे हे ऑफिसातल्या क्लार्कलाही ठाऊक नव्हतं!) तिने मेसेज खोडले नव्हते, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट मैत्रिणीलाही पाठवून ठेवले होते, ते फार कामी आलं.

तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. त्यामुळे ट्रेनिंग संपेपर्यंत थांबू, सर्टिफिकेट हातात पडू दे, असं म्हणत बसू नका.