खिडकीला कडी

'ट्वायलाइट' (२००५) या कादंबरीतला रक्तपिपासू व्हँपायर एडवर्ड रात्री गुपचूप त्याच्या आवडत्या बेलाच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, हे फार रोमँटिक आहे असं कुणी कुणी म्हणतं. कॉलेजात हे पुस्तक वाचलं तेव्हा मीही विरघळले होते! परवा पुन्हा काढलं, तर डोक्यात एकच: अगं, खिडकीला कडी लाव की. शिवाय हा बाबा जन्मला १९०१ साली आणि बसतोय शाळेत जीवशास्त्राच्या तासाला. २०२० मध्ये त्याच्या बाजूने लिहिलेलं 'मिडनाइट सन' आलं. त्यात पहिल्याच भेटीत तो अख्खा वर्ग संपवायचा हिशोब मांडतो, तेव्हा तर उरलंसुरलं प्रेमही आटलं. कथा घडते त्या फोर्क्स गावाचा तो कुंद पाऊस मात्र अजून आवडतो, पुस्तक त्याच्यासाठीच ठेवलंय. (बेलाचा दुसरा चाहता जेकब, त्याच्या पार्टीत मी तेव्हाही नव्हते.)