मदत हवी आहे: भाऊ वर गेला, फोन नाही, पार्सलही परत आलं

रश्मी_मानेवाडा
मोठा भाऊ फौजेत आहे. महिना झाला वर जाऊन. सुरुवातीला दोनदा बोलणं झालं, आता अठरा दिवस काहीच नाही. मी लावते तर "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". आई धड जेवत नाहीये. संक्रांतीचे लाडू कुरिअरने पाठवले, तर आठ दिवसांनी डबा नागपुरातच परत! वर "पत्ता अपूर्ण" लिहिलेलं. पत्ता त्यानेच दिला होता. काय करू? प्लीज लवकर सांगा.

झणझणीत_तर्री
वर म्हणजे कुठे? लडाख की सिक्कीम? सिम प्रीपेड की पोस्टपेड? पत्ता काय टाकला होता, फोटो द्या बरं.

निवृत्त_सुभेदार
फोटो द्यायचा नाही! ताई, जागा, युनिट, नंबर, यातलं काहीही इथे लिहू नका. पत्त्यात एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, आहे का, एवढंच सांगा.

रश्मी_मानेवाडा
हो, 56 एपीओ. सिम आपलं साधंच, इथलंच. रिचार्ज मीच मारते.

झणझणीत_तर्री
झालं मग! बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीर-लडाखमध्ये चालतच नाही. पोस्टपेड करा, विषय संपला.

निवृत्त_सुभेदार
टॉवरच नसेल तर पोस्टपेडची काय शेकोटी करायची? अशा ठिकाणी बीएसएनएलचा सॅटेलाइट फोन असतो, आम्ही डीएसपीटी म्हणायचो. फोन एक, रांग लांब. आधी मिनिटाला 5 रुपये पडायचे, 2017 च्या दिवाळीपासून 1 रुपया झाला. हवा बिघडली की तोही बंद. मी एकदा दीड तास उभा होतो. नंबर लागला तेव्हा बायकोशी भाजी काय केली यावरच बोललो, दुसरं काही सुचेना. अठरा दिवस फार नाहीत ताई. वाईट काही असतं तर युनिटने घरी कळवलं असतं.

गॅजेटवाला_धरमपेठ
बाहेरून एक सॅटेलाइट फोन मागवून द्या ना त्याला. माझ्या मित्राने दुबईत घेतला आहे, एक नंबर चालतो.

निवृत्त_सुभेदार
आणि जामिनाला तुम्ही या. परवान्याशिवाय असला फोन जवळ ठेवणं आपल्याकडे गुन्हा आहे.

महालची_कुसुम
माझे मिस्टर बावीस वर्षं होते, म्हणून सांगते. एपीओला कुरिअर जात नाही, पोस्टच लागतं. 56 चं टपाल दिल्लीहून पुढे जातं, 99 चं कोलकात्याहून. गावाचं नाव नसतं आणि पिन 9 ने सुरू होतो, मग कुरिअरवाला "अपूर्ण" म्हणणारच. जीपीओत, म्हणजे शहरातल्या मुख्य पोस्टात, जाऊन स्पीड पोस्ट करा. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, 56 एपीओ, पिन. बस. लाडू गुळाच्या कडक पाकाचे करा, एकेक कागदात गुंडाळा. संत्रा बर्फी नको, ओली असते.

वऱ्हाडी_बाप्पा
संत्रा बर्फी काहून नको जी? तिथं फ्रीजच तर आहे चारी बाजूनं!

महालची_कुसुम
पण दिल्लीपर्यंत फ्रीज नाही ना, भाऊ. एकदा पाठवली होती. पेटी उघडली तर मोजे, स्वेटर, सगळ्याला संत्र्याचा वास.

एक_पालक
माझा मुलगा बारावीला आहे, अग्निवीर व्हायचं म्हणतो. धावण्याची तयारी कुठे करवून घेतात नागपुरात?

झणझणीत_तर्री
काका, वेगळा धागा काढा.

महालची_कुसुम
रश्मी, तो फोन कोणाच्या नंबरवर करतो गं? तुझ्या की आईच्या?

रश्मी_मानेवाडा
आईच्याच. तिला पाठ आहे ना त्याची वेळ. फोन तर नवा आहे, नुकताच घेऊन दिला, त्यामुळे खराब असायचा प्रश्न नाही.

महालची_कुसुम
नुकताच म्हणजे कधी?

रश्मी_मानेवाडा
झाले असतील तीनेक आठवडे. लोनवाल्यांचे फोन फार येतात म्हणून अनोळखी नंबर मीच बंद करून दिले.

महालची_कुसुम
अगं बाई. तो स्वतःच्या मोबाइलवरून करतो कुठे! आमच्याकडे दर वेळी भलताच नंबर दिसायचा. ब्लॉक झालेल्या कॉलची यादी वेगळी असते, बघ आधी.

रश्मी_मानेवाडा
थांबा.

रश्मी_मानेवाडा
सहा आहेत. सगळे संध्याकाळी सव्वासातच्या आसपास. एका दिवशी तर लागोपाठ दोन. आई तेव्हा देवापाशी दिवा लावून बसलेली असते, फोन तिच्या शेजारीच ठेवलेला असतो. आता तिला कसं सांगू मी.

निवृत्त_सुभेदार
सहा वेळा रांग लावली म्हणजे गडी ठणठणीत आहे, हे आधी सांगा. बाकीचं नंतर. सेटिंग काढा. आणि फोन आला की रडत बसू नका, मागे दहा जण उभे असतात.

रश्मी_मानेवाडा
सेटिंग काढलं. आईला सांगितलं, चिडली माझ्यावर आणि मग पोळी खाल्ली. सव्वासहाच वाजलेत, पण आत्तापासूनच फोन मांडीवर घेऊन बसली आहे. तीळ भाजायला ठेवलेत मी परत. जीपीओ शनिवारी चालू असतं का?

झणझणीत_तर्री
असतं. पण पोस्टपेडचं बघाच, खाली उतरला की लागेल.