खचदरीची सुरुवात नेमकी कशी होते? (नववीच्या पोरांचा प्रश्न, मदत हवी)

वसमतचा मास्तर
नमस्कार मंडळी. आठवी-नववीला भूगोल शिकवतो. जुलै 2024 मध्ये हिंगोलीकडं 4.5 चा धक्का बसला, तेव्हापासून पोरांचं सगळं ध्यान जमिनीखाली. परवा एकानं केनियातल्या 2018 च्या भेगेचा व्हिडिओ आणला, रस्ता दुभंगलेला, वर मथळा ‘आफ्रिका फाटली’. लगेच विचारतो, सर, पांगरा शिंदेला जमिनीतून आवाज येतात, मग आपल्याकडंही हेच चालू आहे का?

पुस्तकात खचदरीचं दोन समांतर प्रस्तरभंग आणि मधला तुकडा खाली गेलेला, एवढं एकच चित्र. त्यावर पोरगं म्हणतं, दोन्ही बाजूंनी एकदम आणि इतकी सरळ जमीन तुटली कशी? मला धड उत्तर देता आलं नाही. कुणी जाणकार असेल तर पोरांच्या भाषेत सांगा.

भूजलवाला, परभणी
मास्तर, पोरगं हुशार आहे. त्या चित्रानं लई जणांचा घोळ केलाय.

माझी सगळी नोकरी विहिरी-बोअरच्या मागं हिंडण्यात गेली, म्हणून रानातलंच उदाहरण देतो. एप्रिलात पोरांना काळ्या रानात न्या. केसासारख्या बारीक भेगा असतात, चिक्कार. त्याच जागी मे अखेरीस परत न्या. चार-दोन भेगा अशा उघडलेल्या असतात की कोपरापर्यंत हात जातो, आणि त्यांच्या शेजारच्या बारीक भेगा आहेत तिथंच थांबलेल्या. एक भेग उघडली की आजूबाजूचा ताण सैल पडतो, शेजारणीला वाढायला जोरच उरत नाही.

नव्या खचदरीत पहिल्यांदा हेच होतं. काही किलोमीटर लांबीचे पुष्कळ सुटे फॉल्ट (तुमच्या पुस्तकातले प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगा), विखुरलेले. प्रत्येक भूकंपात थोडे सरकतात, टोकांकडून लांबतात. फरक एवढाच की काळी माती सगळीकडून आकसते म्हणून भेगांचं जाळं होतं. खचदरीत ओढ एकाच दिशेनं असते, म्हणून फॉल्ट साधारण समांतर. आणि ते नुसते उघडत नाहीत, तिरक्या पृष्ठावरून एक बाजू खाली घसरते.

आता खरी गंमत. दोन फॉल्टची टोकं एकमेकांजवळून पुढं निघून जातात, मध्ये जमिनीचा एक उतार राहतो. वरच्या पठारावरची नदी हाच उतार धरून दरीत उतरते आणि तोंडाशी गाळाचा पंखा टाकते. पुढं हा उतारही तुटतो, दोन फॉल्ट जोडले जाऊन एक होतो. म्हणून लांबून सरळ दिसणारी कड जवळून बघितली तर नागमोडी असते. प्रत्येक बाक म्हणजे जुना सांधा.

जोडणी झाली की मोजके मोठे फॉल्ट सगळं काम ओढून घेतात, बाकीचे निजतात. बहुतेक वेळा एकच बाजू वरचढ ठरते, तुकडा एकीकडं कलतो. पूर्व आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर बघा. एका टप्प्यात मुख्य फॉल्ट एका काठाला, पुढच्या टप्प्यात समोरच्या काठाला. 1,470 मीटर खोली उगाच नाही आली.

केनियातली भेग मात्र सोडा. खचदरी खरी आहे, पण माई माहिऊजवळ ज्वालामुखीच्या मऊ राखेचे थर पाण्यानं आतून पोखरले होते, मुसळधार पावसात छत बसलं. पूर्व आफ्रिका सरकते ती वर्षाला काही मिलिमीटर.

औसेकर ताई
काका, आफ्रिकेचं कळलं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आम्ही उघड्या अंगणात बसून होतो, त्याचं काय? तेही जमीन फाटणंच ना?

भूजलवाला, परभणी
नाही ताई, किल्लारीचं बरोबर उलट. तिथला फॉल्ट दाबानं सरकला, एक बाजू दुसरीवर चढली. भारताचं भूपट्ट उत्तरेला हिमालयाशी भिडलंय, तो रेटा इथपर्यंत पोचतो. खचदरीला ताण लागतो. भूकंपानंतर किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेतलं. वरचे 338 मीटर आपला काळा पाषाण, त्याखाली जुना कठीण खडक. लाव्ह्याच्या चादरीखालचा जुना कमकुवतपणा असा दाबाखाली जागा होतो.

वसमतचा मास्तर
काका, फार मोठं काम केलंत. आता पोरांच्या वतीनं अजून एक: जे फॉल्ट जिंकले, ते कायमचे जिंकले का?

भूजलवाला, परभणी
अजिबात नाही. ग्रीसमधलं कोरिंथचं आखात हे त्याचं उत्तम उदाहरण, पश्चिम भागात वर्षाला 10 ते 15 मिलिमीटर रुंदावतंय. तिथं काम दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकत गेलं. जुने फॉल्ट मागं पडले, त्यांच्या पायथ्याशी साचलेले नद्यांचे त्रिभुज प्रदेश आज हजार मीटरच्या आसपास उंचीवर डोंगरात दिसतात.

इथिओपियात त्याहून मोठा बदल. कडेच्या मोठ्या फॉल्टनी बराच काळ काम केलं, पण गेल्या सुमारे 20 लाख वर्षांत ताण दरीच्या मध्यावर आला. तिथं लहान फॉल्ट आणि खालून येणारा शिलारस मिळून जागा करतात. पुढं अफारमध्ये 2005 च्या सप्टेंबरात दब्बाहू ज्वालामुखीजवळ शिलारसाची 60 किलोमीटर लांब उभी भिंत खडकात घुसली. जमीन काही ठिकाणी 8 मीटरपर्यंत रुंदावली, आणि तेही काही दिवसांत! आपल्याकडं विहीर खोदताना लागणारी डाईकही अशीच.

आणि सगळ्याच खचदऱ्या महासागरापर्यंत पोचत नाहीत. चंद्रपूर-सिरोंचापासून पुढं तेलंगणात सिंगरेणीपर्यंतचा कोळशाचा पट्टा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातली खचदरी. गाळ आणि जंगलं गाडत खचत राहिली, मग थांबली. तरी 1969 मध्ये भद्राचलमला 5.7 चा भूकंप झालाच.

गोदाकाठचा गण्या
भूगोलात काठावर पास झालेला माणूस आहे मी, तरी सगळं वाचून काढलं. काका, मलावीत 2009 मध्ये भूकंपांची रांग लागली होती ना? ती मुख्य फॉल्टवरची का?

भूजलवाला, परभणी
गणेशराव, नेमकं विचारलंत. नाही. मलावी सरोवराच्या उत्तर टोकाला मुख्य फॉल्ट पूर्वेच्या काठाला आहे आणि डिसेंबर 2009 चे करोंगाचे धक्के पश्चिमेकडच्या खचलेल्या बाजूतले. मोठा फॉल्ट जिवंत असतानाच आतले लहान फॉल्टही सरकतात. एक गाजतो, बाकीचे गप्प, असा चोख हिशोब निसर्ग ठेवत नाही. मास्तर, हे पोरांना आवर्जून सांगा, नाहीतर पुस्तकातल्या चित्राच्या जागी माझं चित्र पाठ करतील.