सांडव्याचं सीएफडी मॉडेल: विसर्ग जुळला म्हणजे झालं का?

प्रश्न:
जुन्या धरणाच्या ओजी (इंग्रजी एस सारख्या वक्र आकाराच्या) सांडव्याचं सीएफडी मॉडेल, म्हणजे प्रवाहाचं संगणकावरचं मॉडेल, करतोय. विसर्ग सूत्राने काढलेल्या आकड्याशी छान जुळतो. पण नव्या पूर-अभ्यासात पाणी डिझाईन हेडच्या (माथ्यावरच्या ज्या पाणी-उंचीसाठी आकार ठरवला तिच्या) १.३ पट चढतंय आणि तेव्हा माथ्याच्या जरा खाली उणे दाब (हवेच्या दाबापेक्षा कमी) दिसतो. मेश (गणिताची जाळी) बारीक केली की तो अजून खाली जातो, विसर्ग मात्र तसाच. वरिष्ठ म्हणतात विसर्ग जुळला ना मग रिपोर्ट लिहून टाका, मला काही पटेना.

उत्तर १:
नका लिहू इतक्यात. विसर्ग जाड मेशवरही जुळतो कारण ती सगळ्या रुंदीची बेरीज असते, दाब त्या त्या जागेचा असतो. डिझाईन हेडच्या वर गेल्यावर पाणी माथ्यापासून सुटायला बघतं त्यामुळे उणे दाब येणारच, प्रश्न किती येतो हा आहे. माथ्याजवळची मेश अजून अर्धी करत जा, आकडा थांबेपर्यंत. थांबतच नसेल तर कॅडमधली गोलाई बघा, वक्राच्या जागी छोट्या सरळ रेषा आल्या असतील तर प्रत्येक कोपऱ्यावर खोटा दाब दिसतो. आणि पियर (माथ्यावरचे, गाळे वेगळे करणारे खांब) घेतलेत का? पियरलगत दाब मधल्यापेक्षा अजून खाली जातो.

प्रश्नकर्ता:
पियर नाही घेतले, एकाच गाळ्याचा टूडी काप आहे. थ्रीडी करतो. १:५० चं जुनं फिजिकल मॉडेल आहे, त्याच्याशी ताडून चालेल ना?

उत्तर २:
दाब आणि पाण्याची पातळी यासाठी चालेल. हवा मिसळण्यासाठी नाही, १:५० ला वेग साधारण सातपट कमी असतो आणि पृष्ठताण काही त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी जितकं पांढरं होतं तितकं तिथे होतच नाही.

उत्तर ३:
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मॉडेलमधे चुटचा (माथ्याखालच्या उतरत्या काँक्रीट नाल्याचा) स्लॅब अखंड आणि गुळगुळीत असतो. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणावर फेब्रुवारी २०१७ मधे चुट फुटला तो १५०० क्युमेकच्या (घनमीटर प्रति सेकंद) आसपास, त्याहून कितीतरी मोठे विसर्ग त्याने आधी पेलले होते. भेगा आणि सांध्यांतून पाणी खाली शिरलं आणि स्लॅब उचलला गेला. २५ मीटर प्रति सेकंद वेगाचं पाणी सांध्याच्या वर आलेल्या कडेवर आदळलं तर जवळजवळ ३२ मीटर हेड (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब) तयार होतं, त्यातलं थोडं जरी स्लॅबखाली गेलं आणि तिथले पाणी काढणारे ड्रेन तुंबलेले असले तर पुढे काय होणार सांगायला नको. म्हणून मॉडेलमधून सांध्यासांध्यावरचा वेग काढा, तो कागद घेऊन चुटवर उतरा आणि जिथे वेग जास्त तिथल्या कडा आणि ड्रेन आधी तपासा.