मधुमेहात तळपायांना येणाऱ्या मुंग्या : आधी कोणत्या तपासण्या कराव्यात, कोणाला दाखवावे?

निशाचर (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ५७ असून टाइप टू मधुमेहाचे निदान होऊन नऊ वर्षे झाली. तेव्हापासून मेटफॉर्मिन हे साखरेचे औषध चालू आहे आणि सध्या दिवसाला २००० मिलिग्रॅम घेतो. शेवटचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.९ होते.

सुमारे आठ महिन्यांपासून दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात. बसून बसून पाय झोपला असेल, अशी सुरुवातीला मनाची समजूत घातली. पण झोपलेला पाय झटकला की जागा होतो, हे तसे होत नाही. दिवसा कामात विसर पडतो, मात्र रात्री दिवा मालवला की तळपायांची भगभग सुरू होते आणि पांघरुणाचा स्पर्शसुद्धा नकोसा वाटतो.

एका परिचितांनी ‘नसांच्या गोळ्या’ आणून दिल्या आहेत, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. कोणत्या तपासण्या कराव्यात, थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे का, आणि रात्रीच्या झोपेसाठी काय करता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

जुना मधुमेही

आपण लिहिलेले वाचताना माझीच बारा वर्षांपूर्वीची हकिगत वाचत असल्यासारखे वाटले. एक गोष्ट आवर्जून सांगतो. माझ्या मुंग्या काही वर्षांनी आपोआप कमी झाल्या आणि मी आजार बरा होत असल्याचे समजून खूश झालो. प्रत्यक्षात पाय बधिर होत चालला होता. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी चार पावले पुढे जाईपर्यंत पत्ता लागत नसे. त्यामुळे मुंग्या थांबल्या म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

स्टेथोस्कोप

मी मधुमेहाचे रुग्ण नियमित पाहतो. येथे निदान करता येत नाही, परंतु तपासणीची दिशा सांगता येते.

शरीरातील सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. दीर्घकाळ वाढलेली साखर नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा करते, तेव्हा पहिला फटका या लांब नसांच्या टोकांना बसतो. म्हणूनच त्रास दोन्ही पायांत सारखा असतो, बोटांपासून सुरू होतो आणि मोजा वर ओढावा तसा हळूहळू घोट्याकडे चढतो. आपले वर्णन याच्याशी जुळते. तरीही मधुमेह आहे म्हणजे मुंग्या मधुमेहाच्याच, असे गृहीत धरणे ही आम्हा डॉक्टरांकडूनही होणारी चूक आहे.

आपल्या बाबतीत पहिला संशय बी-१२ जीवनसत्त्वाचा घ्यायला हवा, कारण मेटफॉर्मिन अनेक वर्षे आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी होते आणि त्या कमतरतेची लक्षणे मधुमेही नसविकारासारखीच दिसतात. तपासणीसाठी रक्त दिल्याशिवाय ‘नसांच्या गोळ्या’ मुळीच सुरू करू नका. त्यांत बहुधा बी-१२ असते. ते पोटात गेले की रक्तातील पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कमतरता होती की नाही, हे समजत नाही. अशा काही गोळ्यांत बी-६ सुद्धा भरपूर असते आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच नसांना इजा करते. बी-१२ बरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) पाहून घ्यावे. मद्यपान असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

पायांची तपासणी आपले नेहमीचे डॉक्टर करू शकतात. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात, १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन जाणवते का ते विचारतात, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि पायाच्या नाड्या तपासतात. टाइप टू मधुमेहात ही तपासणी निदानाच्या वेळी आणि त्यानंतर दरवर्षी व्हायला हवी.

एकाच पायात त्रास असणे, तो काही दिवसांत झपाट्याने वर चढणे, पायातली ताकद जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर मात्र वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांना गाठावे.

सरळरेषा

मी म्हणेन की नसांच्या विद्युतवहनाची चाचणी करून मोकळे व्हावे. माझी ती नॉर्मल आली आणि काळजी मिटली.

स्टेथोस्कोप

@सरळरेषा, येथे थोडी असहमती नोंदवतो. ती चाचणी जाड नसांचे काम मोजते, तर जळजळ आणि टोचणी प्रामुख्याने बारीक नसांतून येते. त्यामुळे अहवाल नॉर्मल असूनही नसविकार असू शकतो. चित्र नेहमीचे असेल तेव्हा या चाचणीची बहुधा गरज पडत नाही.

उशिरा जागा झालेला

माझा अनुभव थोडा उलटा आहे. एचबीएवनसी ११.६ होते, मी हट्टाला पेटून तीन महिन्यांत ७.२ वर आणले आणि त्यानंतरच पायांची आग सुरू झाली. फार दिवस वाढलेली साखर एकदम खाली आणल्यासही नसा दुखावू शकतात, हे तेव्हा कळले. मला वर्षभरात उतार पडला. साखर आटोक्यात आणायलाच हवी, फक्त वेग डॉक्टरांना ठरवू द्यावा.

पट्टी-कापूस

मी जखमांच्या ड्रेसिंगचे काम करणारी परिचारिका आहे. मुंग्यांची तक्रार घेऊन लोक येतात; बधिर पायाची तक्रार घेऊन कोणी येत नाही, थेट जखम घेऊन येतात. म्हणून निशाचर यांनी आजपासूनच रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात. वाकणे जमत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वापरू नये, कारण भाजल्याचे समजतच नाही. पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्यावा. घरातही अनवाणी फिरू नये. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. पाय एकाएकी गरम, लाल होऊन सुजला तर दुखत नसला तरी त्यावर भार देऊ नये आणि त्याच दिवशी दाखवावे, कारण आतली हाडे खचत असण्याची शक्यता असते.

झोपेसाठी एक साधा उपाय : पायाच्या बाजूला रिकामे खोके ठेवून त्यावर पांघरूण टाकावे, म्हणजे ते पायांना टेकत नाही.

निशाचर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे गोळ्या न घेता तपासण्या केल्या. बी-१२ ची पातळी १४२ आली असून प्रयोगशाळेची किमान मर्यादा २०० आहे. थायरॉइड आणि क्रिएटिनिन ठीक आहे. नायलॉनच्या तंतूचा स्पर्श मात्र उजव्या पायाला दोन ठिकाणी कळला नाही. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली आहेत. मेटफॉर्मिन बंद करायला सांगावे का?

स्टेथोस्कोप

साधारणपणे बंद करावे लागत नाही. बी-१२ पुरवून ते चालू ठेवता येते. नसा सावकाश सावरतात, म्हणून काही महिने धीर धरावा लागेल, आणि दोन्ही कारणे एकत्र असल्यास मुंग्या पूर्ण जातीलच असे नाही. झोप उडतच राहिली तर ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. ब्रिटनमधील एका चाचणीत (२०२२) या तिन्हींनी वेदना जवळपास सारख्याच कमी केल्या, त्यामुळे निवड दुष्परिणामांवरून होते : अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते आणि प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना ते अडचणीचे ठरते, प्रेगाबालिनने गुंगी आणि सूज येऊ शकते, तर यकृताच्या आजारात ड्युलॉक्सेटिन टाळतात. ही औषधे वेदना कमी करतात, हरवलेली संवेदना परत आणत नाहीत.

निशाचर (धागाकर्ता)

खोक्याच्या उपायाने दोन रात्री बऱ्या गेल्या. काल पट्टी-कापूस यांचे ऐकून उजव्या बुटात हात घातला, तेव्हा आतल्या शिवणीचा टणक कंगोरा बोटांना टोचला. त्याच जागी करंगळीच्या बाजूला लालसर डाग दिसतो आहे. बूट वर्षभर वापरात आहे, पायाला तो कंगोरा एकदाही लागल्याचे आठवत नाही.

पट्टी-कापूस

तो बूट पुन्हा घालू नका आणि डाग उद्याच डॉक्टरांना दाखवा. नवे बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत, आणि ‘घट्ट वाटत नाही’ या स्वतःच्या अंदाजावर न विसंबता पायाचे माप काढून घ्यावे.